पिठल्यासारखी तोंडं

“दादा, तुमच्या शूटिंगमध्ये सगळ्यांची तोंडं पिठल्यासारखी का दिसतात?”

हे मी विचारलं. भर स्नेहसंमेलनात, स्टेजखाली सुनिलदादा कॅमेऱ्याचा स्टँड उघडत असताना. पूजा आणि मिताली खांबाआड तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांची होती. विचारलंस तर महिनाभर आमच्या डब्यातली भाजी तुझी. त्यांना वाटलं, ही भूमी काय विचारणार, ही तर हजेरीला ‘हजर’सुद्धा बेंचच्या कानात सांगते. पण त्या वर्षी वक्तृत्वात तालुक्यात माझा दुसरा नंबर आला होता आणि तोंडाला एकदा जी वाट सापडली ती सापडलीच.

सुनिलदादाचा स्टुडिओ मुरबाडला, स्टँडसमोर. टोकावड्यापासून पार माळशेजच्या पायथ्यापर्यंत एक हळद अशी नाही की जिचं शूटिंग त्यानं केलं नाही, आणि एक शूटिंग असं नाही की ज्यात माणूस ओळखू येईल. डीजे लागला, हळद उडाली की टीव्हीवर नुसते पिवळे चौकोन. आपली मावशी कुठली आणि मंडपाचा खांब कुठला, हे साडीवरून ठरवायचं.

त्यानं मला खालून वर बघितलं. “कुणाची गो तू?”

“टोकावड्याच्या रविंद्रची.”

“रविंद्रला सांग, पोरीच्या तोंडाला झाकण बसव.” मग जरा थांबून, कॅमेऱ्यावरची धूळ फुंकत म्हणाला, “माझा हात खराब नाय. कॅमेरा आळशी हाय. पहिला फोटो नीट काढतो. मग पुढं जेवढं हललं तेवढंच लिहून घेतो. नाय हललं ते जुनंच चिकटवतो. सेकंदाला किती लिहायचं ते कंपनीनं बांधून दिलंय त्याला. एकटी नवरी बसलेली असली तर पुरतं. सगळा गाव नाचला की कुठून पुरायचं? मग फासतो कायपण.”

“मग सोडवा ना बांधलेलं.”

“तू सोडव.”

त्याला वाटलं विषय संपला. माझा तिथून सुरू झाला.

दादाचा तो कॅमेरा म्हणजे हौशी माणसं फिरायला जाताना गळ्यात अडकवतात तसला, जुना, कोपरे झिजलेला. मी त्याचा मॉडेल नंबर मोबाइलवर टाकला आणि बघते तर परदेशातल्या लोकांनी तोच कॅमेरा उसवून पुन्हा शिवला होता! कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम बदलायचा, म्हणजे तो सेकंदाला कितीतरी जास्त लिहितो आणि जुनं चिकटवण्याऐवजी प्रत्येक चित्र पुरं घेतो. सगळं इंग्लिशमध्ये. इंग्लिशचा धडा मी कधी एवढा मन लावून वाचला नाही. बाईंना कळलं असतं तर त्या रडल्या असत्या.

रविवारी मी दादाच्या दुकानात जाऊन बसायची. तो आधी हाकलायचा, मग चहा आणायला लावायचा, मग गप बसला. शेवटी म्हणाला, “कर काय करायचं ते. मेला तर भंगारात देऊ, तुलापण त्याच्याबरोबर.” बॅटरी पूर्ण भरली. नवा प्रोग्राम कार्डावर टाकला. कार्ड कॅमेऱ्यात. बटण दाबलं. स्क्रीन काळी. दादा माझ्याकडे बघतोय, मी स्क्रीनकडे. मध्येच लाइट गेली असती तरी कॅमेऱ्याला काय फरक पडणार नव्हता, पण मी मनात सगळ्या देवांना लाइटची जबाबदारी देऊन टाकली होती. मग टुक करून आवाज आला आणि स्क्रीन उजळली.

लगेच जमलं नाही. शूटिंग चालू केलं की क्षणात बंद पडायचं, कारण कार्डाला एवढं पटापट गिळता येत नव्हतं. भारीतलं कार्ड घातलं, सेकंदाला लिहायचा आकडा जरा खाली आणला, तेव्हा चाललं. कॅमेरा चुलीवरच्या तव्यासारखा तापायचा, पण चालला. दुकानामागे पेंढ्यात एक कोंबडा उकरत होता, तो घेतला. कॉम्प्युटरवर लावला तर पेंढ्याची काडी न् काडी वेगळी. कोंबडा पाय मारतोय, काड्या उडतायत, आणि एकही फासलेली नाही!

“च्यायला,” दादा म्हणाला. एवढंच. पण मला पुरलं.

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या घरात लग्न निघालं. रंजिताताईचं.

ताई माझी सख्खी चुलत बहीण. मोठे काका गेले तेव्हा ती बालवाडीत होती. चंद्रकला काकीनं तिला मजुरीवर वाढवलं, दुसऱ्यांची लावणी, दुसऱ्यांची कापणी, आणि आमच्याच घरात मागच्या खोलीत राहिली. ताई दिसायला छान, बारावी झालेली. शहापूरकडचं स्थळ आलं. आसनगावला घर, मुलगा ओमकार कल्याणला कामाला, रोजचा लोकलचा पास. घरात सासू गुणाबाई आणि नणंद शीतल. कन्यादानाला माझे आईबाबा बसणार हे ठरलेलंच होतं. काकीला कुणी विचारलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

हळद काकीच्या परसातली. उकडली तिनं, वाळवली तिनं, कुटून आणली तिनं. तेव्हा कुणाला काही झालं नाही. लावायची मात्र सवाष्णींनी. विधवेचा हात हळदीला लागला की नवरीच्या कुंकवावर येतं म्हणे. आईनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, “वयनी, तुमी आपल्या आत भाताचं बघा. बाहेर गर्दी असते, चुकून लागायचं कुठं.”

“मी कशाला येते बाहेर,” काकी म्हणाली.

सुनिलदादा आपला दुसरा, नवा कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला आणि जुना, म्हणजे माझा, माझ्या हातात दिला. “घरचं लग्न हाय, चालव. बिघडलं तर शिव्या पण घरच्याच.”

मी अंगणभर नाचत होते, कॅमेरा घेऊन. आसनगावहून शीतल आणि चार बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या. डीजेनं कान फाडले. हिरवा चुडा भरलेले हात ताईच्या तोंडावर, दंडावर, पावलांवर. हळद उडतेय, बाया गिरक्या घेतायत, शीतलची नथ डुलतेय. मी नथीवर फोकस धरला, कारण तो जमला तर दादाला दाखवायचं होतं मला. बाकी मी काय बघितलं? काहीच नाही. कॅमेरा चालवणाऱ्याला एकच डोळा असतो आणि तोही दुसऱ्याच्या नाकावर.

लग्न झालं. ताई गेली. जेमतेम पंधरवडा झाला असेल, ओमकारभावोजींची बाइक आटगाव फाट्याला घसरली. पाय मोडला, प्लास्टर. वाळू होती रस्त्यात. सगळ्यांनी सांगितलं वाळू होती.

आम्ही बघायला गेलो. आईबाबा, काकी, मी. माझ्या खिशात लग्नाच्या शूटिंगचा पेनड्राइव्ह, कारण तो देण्याचा मान मला पाहिजे होता. काकीनं नाचणीच्या पापडांची पिशवी मांडीवर धरलेली, मुरबाड-शहापूर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ती पिशवी छातीशी घ्यायची.

चहा झाला. गुणाबाई चार वेळा म्हणाल्या, “लग्नानंतर लगेच असं कसं झालं, काय कळत नाय बाय.” भावोजी पाय उशीवर ठेवून मोबाइल बघत होते. मग शीतल म्हणाली, लाव गो शूटिंग, जरा बरं वाटेल सगळ्यांना. भिंतभर टीव्ही होता त्यांचा. मी लावलं.

काय सांगू! खोलीत एकच गलका. “अगो, साडीची जर बघ!” “ही माझ्या दातातली फट पण दिसते!” शेजारच्या बाया आल्या, दारात चपलांचा ढीग झाला. मी टीव्हीशेजारी अशी उभी होते की जणू टीव्ही मीच बनवलाय. बाबा सगळ्यांना सांगत होते, “आमच्या भूमीनं केलाय कॅमेरा. स्वतः. कुणी शिकवलं नाय.”

उष्ट्या हळदीचा भाग आला. शीतल ओरडली, “माझी नथ! मागे घे ना, भूमी. थांबव, थांबव!”

मी थांबवलं.

कॅमेऱ्याचा प्रोग्राम बदलण्याआधी थांबवलं की सगळं वितळायचं. आता उलटं. चित्र असं स्वच्छ थांबलं की टीव्हीत हात घालून हळद उचलावी. नथीतला एकेक मोती सुटा. आणि नथीच्या मागे, ताईच्या कानापाशी, एक हात. त्या सगळ्या हिरव्या चुड्यांच्या गर्दीत एकच हात मोकळा. मनगटावर काही नाही. अंगठ्याच्या नखात हळद. अंगठा ताईच्या कानामागे टेकलेला.

“हा हात कुणाचा?” गुणाबाई म्हणाल्या.

काकी पापडांच्या पिशवीची गाठ सोडत बसली होती. ती थांबली.

“विचारते मी, कुणाचा हात?”

शीतलनं माझ्या हातातून रिमोट घेतला. पुढे, मागे, पुढे, मागे. मोकळा हात यायचा, टेकायचा, जायचा. परत यायचा. शेजारणी पुढे सरकल्या. एकीनं मोबाइल काढला आणि टीव्हीचाच व्हिडिओ घेतला. पुढच्या वेळी शीतलनंही घेतला.

“बघ,” गुणाबाईंनी काकीला दंडाला धरून उठवलं आणि भावोजींच्या पायापाशी नेलं. “हे बघ. तुझ्या बोटाचं काम. एक नवरा खाल्लास, त्यानं पोट नाय भरलं? आता पोरीचापण पायजे?”

“रस्त्यात वाळू होती,” मी म्हणाले.

“तू गप,” बाबा म्हणाले. आत्ता दोन मिनिटांपूर्वी माझं कौतुक करणारे बाबा. मग काकीकडे वळले. “वयनी, तुमाला सांगितलेलं ना आत बसायचं? सांगितलेलं का नाय?”

“सांगितलेलं.”

“मग खाज कसली होती?”

आई जमिनीकडे बघून बांगड्या चाळवत होती. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाच्या कपांचा ट्रे. गुणाबाई तिच्याकडे गेल्या. “आणि तू? तुला कळलं नाय? का मायलेकींचं ठरलेलं होतं?”

ताई पटकन म्हणाली, “मला काय माहीत! मी मान खाली घालून बसलेली. मी तर आयला सांगितलेलं, माझ्या जवळसुद्धा येऊ नको म्हणून. तिला ऐकायचंच नसतं कुणाचं.”

मी टीव्हीकडे बघितलं. शीतलनं चित्र पुन्हा तिथंच थांबवलं होतं. सगळे त्या मोकळ्या हाताकडे बघत होते म्हणून कुणाला दिसलं नाही. हाताच्या जरा वर, ताईची स्वतःची तीन बोटं होती. पिवळी, मेंदी लावलेली. कानामागचे केस तिनं स्वतः उचलून धरले होते. मान जरा वाकडी केलेली, काकीच्या बाजूला. जागा करून दिलेली होती तिनं.

मी तोंड उघडलं. वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आलेलं तोंड. एक वाक्य, आणि गुणाबाईंची तोफ ताईकडे वळली असती.

काकीनं माझ्याकडे बघितलं. मान हलवली नाही, काही नाही. नुसतं बघितलं. तिनं माझ्या आधीच टीव्हीत ती बोटं बघितली होती.

मी तोंड मिटलं. बाबांनी टीव्हीची वायर उपटली.

पुढचं सगळं बाबांनीच ठरवलं, गुणाबाईंपेक्षा घाईनं. काकीनं सगळ्यांसमोर नाक घासलं. भावोजी म्हणाले, “जाऊ दे ना आई,” पण मोबाइलवरून डोळे न उचलता. काकीनं ह्या घराची पायरी चढायची नाही. ताईनं माहेरी यायचं नाही, म्हणजे काकी तिथं असेपर्यंत. “मग तिला वेगळी काढतो,” बाबा म्हणाले, “खळ्यावर आमची एक खोली हाय.” आणि गुणाबाईंची शेवटची अट. पाहुण्यांना दाखवायला त्यांना नवं शूटिंग पाहिजे, ज्यात ही बाई कुठंही दिसणार नाही. एका जागीसुद्धा. तेवढं हातात आलं की सून सून म्हणून राहील, नाहीतर पाठवणीची गाडी उलटी येईल.

पापड त्यांनी ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी आईनं काकीच्या खोलीत तांदळाची पिंपं ठेवली. खळ्यावरच्या खोलीत पेंढा भरलेला होता, काकी तो एकटीच उपसत होती. शाळेच्या ग्रुपवर शीतलनं ठेवलेलं स्टेटस फिरत फिरत आलं, त्या मोकळ्या हाताभोवती लाल गोल काढलेला. मितालीनं लिहिलं, “भूमी, तुझा कॅमेरा एकदम कडक गो! काकीचं नखपण दिसतं.” पूजानं पिवळ्या तोंडाचे हसरे चेहरे पाठवले, ओळीनं.

शूटिंग पुसायचं काम सुनिलदादाचं. तो म्हणाला, “गर्दीत कुठली ती म्हातारी मला काय कळणार? कुणीतरी बसा बाजूला.” मी म्हटलं मी बसते. बाबा म्हणाले, “तुझी नजर चुकेल. हिलाच घेऊन जा. स्वतःला स्वतः ओळखेल.” आणि काकीला, “बघा नीट. एक जागा राहिली तर पोरगी परत येईल तुमची.”

आम्ही एसटीनं मुरबाडला गेलो. काकी लग्नात नेसली होती तेच लुगडं नेसली होती. म्हणाली, ओळखायला बरं.

“एवढं क्लिअर कशाला करायचं गो?” दादानं खुर्ची सरकवली. “पिठलं बरं होतं. पिठल्यात सगळे सारखे.” मग तो बाहेर तंबाखू मळत उभा राहिला, कारण त्यालाही आत बसवेना.

मी एकेक भाग लावत गेले. मला वाटलं होतं दहा-बारा जागा असतील. काकी तर आत होती ना, भाताजवळ! पण प्रत्येक चित्र पुरं घेणारा कॅमेरा माझा. दार उघडं होतं, खिडकी उघडी होती, आणि जिथं तिथं ती होती. पाण्याचा हंडा नेताना. उष्टी पानं उचलताना. कुणाचं तरी रडणारं पोर खांद्यावर घेऊन. खिडकीच्या गजांमागे अर्धं तोंड, मंगलाष्टकांना. कॅमेरा आधीसारखा आळशी असता तर ती दाराला टेकलेली एक मळकट चौकट झाली असती, आणि तिथंच मेली असती ही भानगड.

काकी बोट ठेवायची. “ही मी. काढ.”

मी त्या जागेवर धुरकट गोळा बसवायचे. माणूस मऊ होत जायचं, मग चौकोन, मग नुसता रंग.

“हा माझा पदर हाय. काढ.”

“काकी, पदर कोण ओळखणार?”

“गुणाबाई ओळखतील. काढ.”

“ही तर सावली हाय नुसती.”

“सावलीपण काढ, भूमे. तिकडं पोर हाय माझी.”

दुपार गेली त्यात. मग उष्टी हळद आली. मी ती शेवटी ठेवली होती मुद्दाम. शीतलची नथ, हिरवे चुडे, मोकळा हात. मी चौकोन ओढायला घेतला तर काकी म्हणाली, “थांब. एकदा लाव. सावकाश.”

मी सावकाश लावलं. ताईची तीन बोटं वर येतात. केस उचलतात. मान कलते. मग हात येतो.

“तिनंच बोलावलेलं मला,” काकी म्हणाली. “मी नुसती पाण्याचा तांब्या द्यायला गेलेली. कानात म्हणाली, आये, तू लावल्याशिवाय मी उठणार नाय.”

मी चित्र तिथंच थांबवलं. काकीनं पडद्याला बोट लावलं, ताईच्या कानापाशी, जिथं हळद होती तिथंच.

“आता काढ,” ती म्हणाली. “आणि तिची बोटंपण काढ. कुणी उद्या बघेल.”

मी दोन्ही काढलं. आता तिथं शीतलच्या नथीमागे एक पिवळं ढेकूळ आहे, दुसरं काही नाही. मूळचं, काही न पुसलेलं कार्ड मी कंपासपेटीत टाकलं. दादानं दारातून बघितलं आणि नव्या शूटिंगचा पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला.

परतीला काकी खळ्याच्या फाट्यालाच उतरली. “जा घरी. आय वाट बघत असेल,” म्हणाली, आणि बांधावरून चालत गेली. तिथं वीज नाही. एक चूल, एक बाज, आणि कोपऱ्यात न उपसलेला पेंढा.

घरी आईबाबा ओटीवर बसले होते. आई शेंगा सोलत होती.

“झालं?” बाबांनी विचारलं.

“झालं.”

“नीट बघितलंस ना? कुठं राहिली नाय ना?”

“कुठंच नाय. लग्नभर नाय. शोधलीत तरी सापडायची नाय.”

“सुटलो बाबा,” आई म्हणाली. “पोरीचा संसार वाचला. हात धू, चहा टाकते तुला.”

बाबांनी पेनड्राइव्ह खिशात ठेवला आणि वरून खिसा थोपटला. “आणि त्या सुनिलला सांग, कॅमेरा होता तसा करून टाक. हे असलं क्लिअर काय कामाचं नाय आपल्याला. पूर्वीचं बरं होतं.”

मी आत गेले. दप्तरात पुस्तकं भरली, कंपासपेटी भरली, दोन ड्रेस कोंबले, माझी चादर काखेत घेतली आणि ओटीवर आले. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“हे काय? कुठं निघालीस?”

“मी ठरवलंय,” मी म्हणाले, अगदी भाषणाला उभी राहते तशी, पाय जुळवून. “मी खळ्यावर राहणार, काकीकडं. दहावीचं वर्ष तिथूनच करणार, शाळेत तिथूनच जाणार. बाबा, तुमी ओढून आणलंत तर मी परत जाईन. आणि कुणी विचारलं, तुमची भूमी कुठं दिसत नाय, तर सांगा, तिलापण काढून टाकली.”